मत सभासदाचं: म्युनिक १८६० आणि २०१७ चा उन्हाळा

शुक्रवार, २ जून २०१७. दुपारी साडेतीनपर्यंतची मुदत होती. तोवर म्युनिकमधल्या एका जुन्या क्रीडासंस्थेच्या फुटबॉल कंपनीला सुमारे एक कोटी दहा लाख युरो मिळायला हवे होते, म्हणजे तेव्हाच्या भावाने जवळपास ऐंशी कोटी रुपये. पैसे आले नाहीत. तीनच दिवसांपूर्वी हा क्लब मैदानावर हरून दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. आता तिसऱ्या श्रेणीचा परवानाही गेला. एकेकाळचा जर्मन विजेता, युरोपियन चषकाची अंतिम लढत खेळलेला टीएसव्ही म्युनिक १८६०, आठवड्याच्या आत चौथ्या श्रेणीत जाऊन पडला. तिथे समोर येणारे संघ म्हणजे बव्हेरियातली छोटी गावं.

पैसे देणारे गृहस्थ कंपनीच्या साठ टक्के भागांचे धनी होते. तरीही त्यांना त्या कंपनीचा कारभार आपल्या मनासारखा करता येत नव्हता. हे कसं, आणि ते योग्य की अयोग्य, हा या प्रकरणाचा गाभा आहे. माझं मत मी लपवत नाही: सभासदांनी आपला हक्क सोडला नाही हे बरोबरच केलं. पण त्याची किंमत त्यांनी मोजली आहे आणि अजून मोजत आहेत. ती किंमत न सांगता नुसतं कौतुक करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

तालमीतून आलेला फुटबॉल

व्यायामाच्या संस्थेतून फुटबॉलचा संघ कसा निघतो हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही तिथल्या फुटबॉलमधली नावंच बोलकी आहेत. जर्मनीत हेच घडलं, फक्त तिथे लाल मातीऐवजी डबल बार आणि रिंग होत्या. फ्रीडरिश लुडविग यान या माणसाने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या हासेनहाइडे इथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. तिथून देशभर 'टुर्नफेराइन', म्हणजे व्यायाममंडळं उभी राहिली. शरीर कमवायचं आणि त्याबरोबर एकसंध, राजेशाहीच्या जोखडातून सुटलेल्या जर्मनीचं स्वप्नही पाहायचं, अशी ही मंडळं होती. म्हणून राजांना त्यांची भीती वाटे.

म्युनिकच्या मंडळाची पहिली स्थापना १८४८ च्या जुलैत झाली, क्रांतीच्या वर्षात, एका ब्रुअरीत. प्रजासत्ताकवादी कारवायांचा ठपका ठेवून सरकारने ते थोड्याच काळात बंद पाडलं. वातावरण निवळल्यावर १७ मे १८६० रोजी ते पुन्हा उभं राहिलं, आणि हेच वर्ष क्लबच्या नावात राहिलं. लोक क्लबला नुसतं 'झेख्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'साठ'. फुटबॉल आला १८९९ मध्ये, चाळीस वर्षांनी, आणि तोही एक विभाग म्हणून. संस्थेचे रंग हिरवा आणि सोनेरी. फुटबॉलवाल्यांनी पांढरा आणि निळा घेतला, पुढे बोधचिन्हावर सिंह आला, आणि संघाला 'सिंह' हे नाव पडलं. आजही संस्थेचे रंग हिरवा-सोनेरीच आहेत. निळी जर्सी घालून ओरडणाऱ्या अनेक तरुणांना ते ठाऊकही नसतं.

१९११ मध्ये शहराच्या गीझिंग भागात उंचवट्यावर संघाचं मैदान सुरू झालं. गीझिंग म्हणजे कामगारांची वस्ती. हे ग्र्युनवाल्डर स्टेडियम पुढे सगळ्या गोष्टीत येत राहतं, म्हणून ते लक्षात असू द्यावं.

एक पान मात्र घाईने उलटण्यासारखं नाही. नाझी काळात हा क्लब सत्तेच्या जवळ होता. १९३६ पासून त्याचे प्रमुख होते एमिल केटरर, 'एसए' या नाझी दलातले वरच्या हुद्द्याचे डॉक्टर. शेजारच्या बायर्न म्युनिकचे ज्यू अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांना १९३३ मध्ये पायउतार व्हावं लागलं, त्याच शहरात हे घडत होतं. कर्जात बुडालेलं ग्र्युनवाल्डर स्टेडियम १९३७ मध्ये शहराला विकलं गेलं. १९४२ मध्ये शाल्केला २-० हरवून क्लबने जर्मन चषक जिंकला, तोही या काळातच. चषक मोजायचा तर तो काळही मोजला पाहिजे.

वैभव, आणि मग बरोबरीची हौस

१९६३ मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे देशाची पहिली श्रेणी, सुरू झाली तेव्हा दक्षिण विभागाचा विजेता म्हणून १८६० ला थेट जागा मिळाली. एका शहरातून दोन क्लब नकोत म्हणून बायर्न बाहेर राहिला! आज हे सांगितलं की नवखा माणूस चक्रावतो. कडक शिस्तीचे प्रशिक्षक मॅक्स मर्केल, गोल सोडून मैदानभर हिंडणारा युगोस्लाव्ह गोलकीपर पेटार राडेन्कोविच, कप्तान रूडी ब्रुननमायर. १९६४ मध्ये जर्मन चषक, १९६५ मध्ये वेम्बलीवर चषकविजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेची अंतिम लढत, तिथे वेस्ट हॅमकडून २-० हार, आणि १९६६ मध्ये बुंडेसलीगाचं विजेतेपद. चार वर्षांनी संघ खालच्या श्रेणीत होता. १९८२ मध्ये पैशांच्या गोंधळामुळे परवाना नाकारला गेला आणि पुढची नऊ वर्षं बव्हेरियाच्या हौशी लीगमध्ये गेली. म्हणजे २०१७ ची आपत्ती पहिली नव्हती. घरातल्या म्हाताऱ्यांनी ती एकदा पाहिलेली होती.

१९९२ मध्ये कार्ल-हाइन्झ विल्डमोझर अध्यक्ष झाले. उपाहारगृहांच्या धंद्यातला, आवाज आणि हात दोन्ही मोठे असलेला माणूस. प्रशिक्षक वेर्नर लोरांट यांच्यासोबत त्यांनी संघाला लागोपाठ दोन वर्षांत दोन श्रेणी वर आणलं. १९९९-२००० च्या हंगामात संघ बुंडेसलीगात चौथा आला आणि बायर्नविरुद्धचे दोन्ही सामने जिंकला. पुढे चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत लीड्सने अडवलं, तरी त्या उन्हाळ्यात निळ्या म्युनिकला आभाळ ठेंगणं वाटत होतं.

माझ्या मते खरी चूक याच काळात झाली, २०१७ मध्ये नाही. गीझिंगचं मैदान सोडून संघाला मोठ्या ऑलिम्पिक स्टेडियमवर नेण्याचा निर्णय १९९५ मध्ये झालाच होता. मग बायर्नबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत अलायन्झ अरीना हे नवं स्टेडियम बांधायला घेतलं. सुमारे चौतीस कोटी युरोंचं काम. एका जगप्रसिद्ध क्लबच्या मापाचा अंगरखा आपणही शिवून घ्यायचा, असा तो प्रकार. २००४ च्या मार्चमध्ये अरीनाच्या कंत्राटातल्या लाचेच्या संशयावरून विल्डमोझर पिता-पुत्रांना अटक झाली. वडील लवकर सुटले पण अध्यक्षपद गेलं, आणि मुलाला २००५ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. २००४ च्याच मे महिन्यात संघ बुंडेसलीगातून खाली गेला. त्यामुळे २००५ मध्ये नव्या अरीनात पाऊल ठेवलं ते दुसऱ्या श्रेणीतला संघ म्हणून. २००६ मध्ये कर्ज फेडण्यासाठी अरीनातला आपला अर्धा वाटा बायर्नला विकला, एक कोटी दहा लाख युरोंना. भागीदाराचा भाडेकरू झाला. सामन्याच्या दिवशी अरीना निळ्या उजेडात झळके, पण आत खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी मोकळ्या असत आणि भाडं मात्र चुकत नसे.

मालकी कुणाची: रचना नीट पाहू

हा भाग जरा किचकट आहे, पण तो समजला नाही तर पुढचं भांडण म्हणजे नुसती दोन बाजूंची आरडाओरड वाटेल.

वर आहे संस्था: नोंदणीकृत, सभासदांची, एक सभासद एक मत. सहकारात वाढलेल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. आपल्याकडच्या सहकारी पतसंस्थांना पाया देणारा १९०४ चा कायदा जर्मनीतल्या राइफायझन यांच्या पतपेढ्यांचं उदाहरण समोर ठेवूनच झाला होता. तिथे जशी वार्षिक सर्वसाधारण सभा सर्वोच्च, तशी इथेही.

२००२ मध्ये १८६० ने व्यावसायिक फुटबॉल वेगळा काढून त्याची कंपनी केली. ही कंपनी जर्मन कायद्यातल्या एका खास प्रकारची आहे. तिच्यात दोन तऱ्हेचे भागीदार असतात. एकाकडे भाग असतात, तो पैसे घालतो. दुसरा कारभार पाहतो. कारभार पाहणारा भागीदार म्हणजे आणखी एक छोटी कंपनी, आणि ती पूर्णपणे सभासदांच्या संस्थेच्या मालकीची. त्यामुळे भाग कितीही विका, कारभारी नेमण्याचा हक्क संस्थेकडेच राहतो.

याला आधार आहे तो '५०+१' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाचा. १९९८ मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने क्लबांना कंपनी काढायची परवानगी दिली, पण अट घातली: मतांची निम्म्याहून एक तरी जास्त संख्या मूळ संस्थेकडे हवी. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग अशांना अपवाद मिळाले, कारण त्यांच्या मागे कित्येक वर्षं कारखाने उभे होते. १८६० ला अपवाद नव्हता.

२०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तेव्हा जॉर्डनचे उद्योजक हसन इस्माईक यांनी एक कोटी ऐंशी लाख युरो देऊन साठ टक्के भाग घेतले. जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये असा परदेशी गुंतवणूकदार पहिल्यांदाच आला होता. भाग साठ टक्के, मतं एकोणपन्नास टक्के. पैसे आले, क्लब वाचला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तेव्हा सभासद असते तर मीही सोडला असता.

पण करारावर सह्या करताना दोन्ही बाजूंच्या मनात दोन वेगळी चित्रं होती. इस्माईक यांना वाटलं आपण क्लब घेतला. सभासदांना वाटलं आपल्याला सावकार मिळाला. पुढची सहा वर्षं या गैरसमजातच गेली. प्रशिक्षक बदलले, व्यवस्थापक बदलले, अध्यक्षही बदलले. दर वर्षी तूट यायची आणि इस्माईक कर्जरूपाने ती भरायचे. बुंडेसलीगा काही आली नाही. त्यांची तक्रारही समजून घ्यावी अशी आहे: दर वेळी खिशात हात घालायचा मी, आणि कारभारी नेमणार दुसरे. ती तक्रार खोटी नाही. फक्त ज्या नियमावर ती होती, तो नियम २०११ च्याही तेरा वर्षं आधीचा होता.

मंगळवार ते शुक्रवार

२०१६-१७ मध्ये पुन्हा मोठा डाव मांडला गेला. जानेवारीत पोर्तुगीज प्रशिक्षक व्हिटर परेरा आले, वसंतात लिव्हरपूलचे माजी मुख्य कार्यकारी इयन एअर व्यवस्थापक म्हणून आले. संघ तरी सोळावा राहिला. सोळाव्या क्रमांकाला तिसऱ्या श्रेणीतल्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. समोर आला यान रेगेन्सबुर्ग. हो, तोच यान: व्यायाममंडळांच्या त्या आद्य पुरुषाचं नाव लावणारा क्लब.

रेगेन्सबुर्गमध्ये १-१. मंगळवारी, ३० मे रोजी, अरीनात बासष्ट हजारांहून जास्त लोक आले. एरवी मोकळ्या दिसणाऱ्या खुर्च्या त्या दिवशी भरल्या. पहिल्याच हाफमध्ये रेगेन्सबुर्गने दोन गोल केले. शेवटची दहा-एक मिनिटं राहिली असताना काही प्रेक्षकांनी खुर्च्या आणि दांडे उखडून मैदानात फेकायला सुरुवात केली. पोलीस गोलच्या मागे उभे राहिले, खेळ पंधराएक मिनिटं थांबला, मग कसाबसा उरकला. ते दृश्य लाजिरवाणंच होतं. संतापाला कारण असलं म्हणून फेकलेला दांडा क्षम्य ठरत नाही. समोर खेळाडू होते, गोलकीपर होता.

त्याच दिवशी एअर पायउतार झाले. सामन्यानंतर अध्यक्ष पेटर कासालेट यांनीही राजीनामा दिला. म्हणजे परवान्याचा सर्वात नाजूक आठवडा सुरू झाला तेव्हा घरात कर्ता माणूसच नव्हता. इस्माईक यांनी पैशांसाठी अटी पुढे केल्या. त्या सगळ्या आम्हाला मान्य करता येणार नाहीत, अशी संस्थेची बाजू होती. शुक्रवारी साडेतीन वाजले, आणि परवाना गेला.

या घटनेतलं एक बारीक दुःख फारसं कुणी सांगत नाही. क्लबचा दुसरा संघ, होतकरू पोरांचा, आधीच चौथ्या श्रेणीत खेळत होता. एका लीगमध्ये एकाच क्लबचे दोन संघ राहू शकत नाहीत. मुख्य संघ खाली आला तसं त्या पोरांना, काहीही चूक नसताना, पाचव्या श्रेणीत जावं लागलं. मुख्य संघाची सूत्रं आली त्यांच्याच प्रशिक्षकाकडे, डॅनिएल बिअरोफ्का यांच्याकडे. ते क्लबचेच जुने खेळाडू.

घरी परत

जुलैत बायर्नशी बोलून अरीनाचा २०२५ पर्यंतचा भाडेकरार मुदतीआधी मोडला गेला. संघ गीझिंगला परतला.

२३ जुलैच्या सर्वसाधारण सभेत रॉबर्ट रायझिंगर यांच्या अध्यक्षपदावर शिक्कामोर्तब झालं, आणि इस्माईक यांच्याशी असलेला सहकार्य करार रद्द करावा असा ठरावही बहुमताने झाला. तो प्रत्यक्षात आला नाही. ठराव करणं आणि वकिलांच्या कसोटीला उतरेल असा करार मोडणं यांत अंतर असतं. पण सभेने आपलं म्हणणं नोंदवलं: गरज आहे म्हणून आम्ही कारभार सोडणार नाही.

मोसम जुलैतच मेमिंगेनला सुरू झाला. पुढे पिपिन्सरीड आलं, काही शे वस्तीचं खेडं. अशा मैदानांवर निळ्या-पांढऱ्या शाली घेऊन हजारो लोक पोचू लागले. घरच्या मैदानावर साडेबारा हजारांची मर्यादा होती आणि तिकिटं संपत. चौथ्या श्रेणीत! दुसऱ्या श्रेणीत असताना ज्यांना अरीनात कंटाळा येत होता, तेच लोक इथे दोन तास उभे राहत होते. साशा म्योल्डर्स हा पोट सुटलेला, तिशी ओलांडलेला स्ट्रायकर मुक्काम हलवण्याऐवजी थांबला. लोक त्याच्या ढेरीचंही कौतुक करत, कारण गोल तोच करत होता.

मी त्या मैदानावर पश्चिमेच्या वळणावर उभी राहिले आहे. तिथे छप्पर नाही. पाऊस आला की सगळे भिजतात. पायाखाली काँक्रीटच्या पायऱ्या, समोर स्टेडियमच्या भिंतीपलीकडे वाहतं रस्त्याचं जाळं, आणि वर घरांच्या गॅलऱ्या, त्यातल्या एकीवर वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी क्लबचा झेंडा. माझ्या बाजूच्या आजोबांनी गळ्यातली लोकरीची शाल दाखवली. कुणी विणली ते सांगताना त्यांचा आवाज जरा हलला. मग कॉर्नर मिळाला आणि त्यांनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं, नीट दिसावं म्हणून. अरीनात माणसाला खुर्चीचा नंबर असतो. इथे शेजारी असतो.

लीग जिंकूनही वर जाणं आपोआप नव्हतं, तेव्हाच्या नियमाने दोन सामने खेळावे लागत. मे २०१८ मध्ये झारब्र्युकेनमध्ये ३-२, मग २७ मेला गीझिंगमध्ये २-२. वर्षभरात संघ तिसऱ्या श्रेणीत आला. शिट्टी वाजल्यावर मैदान निळं झालं होतं.

मग पुढे काय

इथे गोष्ट थांबवली तर ती परीकथा होईल. त्यानंतर संघ दोनदा चौथा आला, २०२१ मध्ये आणि २०२२ मध्ये. पहिल्या खेपेला म्योल्डर्सने बावीस गोल करून तिसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. पण दुसऱ्या श्रेणीचं दार उघडलं नाही. संस्था आणि इस्माईक एकमेकांना अडवत राहिले. संस्थेकडे कारभारी नेमण्याचा हक्क, त्यांच्याकडे भाग आणि जुनी कर्जं. एकाला दुसऱ्यावाचून पाऊल टाकता येत नाही, आणि दोघांनाही एकमेकांबरोबर टाकायचं नाही. लग्न मोडलेलं पण घर वाटून न झालेलं, अशी ही अवस्था.

मैदानाचाही पेच आहे. ग्र्युनवाल्डर १९३७ पासून शहराचं आहे. जी वास्तू क्लबने उभी केली तिचं तो आज भाडं भरतो. तिसऱ्या श्रेणीसाठी क्षमता पंधरा हजारांपर्यंत वाढवली, त्यापुढे वाढवायची तर भोवती घरं आणि रस्ते. वर चढायला मोठं मैदान हवं, आणि मोठ्या मैदानाच्या नादानेच हा क्लब एकदा उद्ध्वस्त झाला होता.

मला विचारतात की साठ टक्के भागवाल्याला हवं ते करू दिलं असतं तर? कदाचित परवाना वाचला असता. कदाचित एखाद्या वर्षी संघ वर गेलाही असता. पण सहा वर्षं पैसे होते आणि संघ खालीच आला, हेही समोर आहे. भाग बाजारात विकता येतात. शुक्रवारी पैसे आले नाहीत आणि जुलैत गीझिंगच्या रस्त्यावर तिकिटांसाठी रांग लागली, ती रांग कुणी विकत घेतलेली नव्हती.

संस्थेचे सभासद आज वीस हजारांहून अधिक आहेत. त्यांत फुटबॉलवाले बहुसंख्य आहेत, तसेच बॉक्सिंगवाले, डोंगर चढणारे, आणि १८६० पासून चालत आलेल्या व्यायामाच्या वर्गाला येणारेही आहेत. सभेत त्या प्रत्येकाचा हात एकच मोजला जातो.